तिसरी चकती

नुकतीच भरलेली मेणाची चकती वाजून थांबली तेव्हा खोलीतले सगळे एकदम हसले आणि ओनेसिम दुवेर्नेही त्यांच्याबरोबर हसला. आपण कशाला हसलो हे त्याला क्षणभराने कळलं. तीन मिनिटांच्या त्या वाजवण्यात कॉर्नेटची पितळी ललकारी होती, क्लॅरिनेट होती, ट्रॉम्बोनचं गुरगुरणं होतं, बँजोचं टोचणं होतं, पियानोसुद्धा दोन घरं सोडून कुणीतरी बसल्यासारखा ऐकू येत होता. आणि मधे, सगळे जण एका ठोक्यापुरते थांबतात त्या जागी, कुणीतरी खोकलं होतं. खोकला स्वच्छ उमटला होता. तो त्याचा होता. व्हायोलिन नव्हतं. पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत तो वाजवत होता, कोपर दुखून आलं होतं, आणि त्याचं व्हायोलिन त्यात कुठेच नव्हतं.

"कोण खोकलं?" चकत्या काढणाऱ्या कंपनीच्या माणसाने विचारलं. यंत्र घेऊन उत्तरेकडून आलेला तो एक तरुण गोरा होता, बाह्या दुमडलेला, घामाघूम झालेला. मेण मऊ राहावं म्हणून खोलीच्या खिडक्या घट्ट बंद होत्या आणि मार्च महिन्यातही कोपऱ्यात शेगडी पेटवली होती.

"प्रोफेसर खोकले," ड्रमवाला म्हणाला. सुई उडेल म्हणून त्याला मोठा ढोल आणू दिला नव्हता, नुसते लाकडी ठोकळे वाजवायचे होते, त्यामुळे तो सकाळपासून कुणाची तरी फिरकी घ्यायला टपला होता. "नवीन वाद्य आहे साहेब. सुरात होतं पण."

पुन्हा हशा पिकला. ओनेसिमने व्हायोलिन गुडघ्यावर आडवं ठेवलं. भिंतीतून बाहेर आलेला तो पत्र्याचा भोंगा त्याच्याकडे तोंड करून होता. एवढं मोठं तोंड, आणि आतमधे सुईएवढं भोक. आपण वाजवलं ते त्या भोकातून गेलं नाही, मग ते गेलं कुठे, असा एक पोरकट प्रश्न त्याच्या मनात आला आणि तो हलेचना. पंचावन्न वर्षांचा माणूस. तीस वर्षं सकाळी सिगार वळायचे आणि दुपारी चारनंतर सातव्या वॉर्डातल्या अर्ध्या घरांतल्या मुलांना सरगम शिकवायची; वाद्याला हात लावायच्या आधी सहा महिने नुसते स्वर म्हणायचे, हा त्याचा नेम. रस्त्याने जाताना लोक टोपीला हात लावून 'प्रोफेसर' म्हणत. एकेकाळी बँडमधे पुढे उभं राहायचं ते व्हायोलिनवाल्यानेच. स्वरलिपीचा कागद वाचता यायचा तो त्यालाच. बाकीचे त्याच्या गजाकडे बघून वाजवायचे. मग कधीतरी, कुठल्या वर्षी ते त्याला नेमकं सांगता आलं नसतं, कॉर्नेटवाले अर्धं पाऊल पुढे आले. मग एक पाऊल. एका लग्नात तो भिंतीला टेकून उभा राहून वाजवत होता आणि समोर नाचणाऱ्यांना तो दिसतच नव्हता. तेव्हाही त्याला वाटलं होतं, दिसत नसलो तरी ऐकू तर येतो.

"हे बघ, फिडल भोंग्यात शिरत नाही," कंपनीचा माणूस बँडच्या म्होरक्याला, कॉर्नेटवाल्या लेम्युएलला म्हणाला; व्हायोलिनला तो फिडलच म्हणायचा. मग ओनेसिमकडे वळून, जरा मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावं तसं, "अंकल, तू जरा बाहेर जाऊन बस. हवा खा." आमच्यातल्या, काळ्या लोकांतल्या वयस्कर माणसाला मिस्टर म्हणायला लागू नये म्हणून गोरे लोक अंकल म्हणतात. ओनेसिमला त्याची सवय होती. त्याचा आजा कुणाचाच गुलाम नव्हता, घरात फ्रेंच बोलली जायची, बापाने त्याला व्हायोलिन शिकायला एका वृद्ध फ्रेंच गृहस्थाकडे घातलं होतं. पण ट्राममधे 'काळ्यांसाठी' लिहिलेल्या पाटीच्या मागे बसावं लागायला लागल्यापासून आजा कोण होता हे विचारायला कुणी थांबत नव्हतं.

"प्रोफेसर इथंच वाजवतील साहेब," लेम्युएल म्हणाला. तो हसत हसत बोलत होता. गोऱ्या माणसाला नाही म्हणायचं असलं की आमच्या शहरात हसावं लागतं.

"अरे, पण ऐकू येत नाहीये ना तो!"

"मग येईल असं बसवू या की. स्वर कुठं असतो ते मला ह्यांनी दाखवलंय. ह्यांना घरी पाठवलं तर माझी आई कबरीतून उठून माझ्या कानाखाली मारेल."

कंपनीचा माणूस नाइलाजाने हसला. ओनेसिमची खुर्ची उचलून भोंग्याच्या तोंडाशी आणली गेली, इतकी जवळ की पत्र्याचा वास यायला लागला. लेम्युएल मागे, दाराजवळ गेला. त्याचं कॉर्नेट मुळातच इतकं जोरकस होतं की त्याला दारातच उभं करावं लागायचं. ओनेसिमने खांद्यावरून मागे पाहिलं. लेम्युएल पेटिस. कॅनॉल स्ट्रीटच्या पलीकडच्या, इंग्रजी बोलणाऱ्या गरीब वस्तीतला, धोबिणीचा मुलगा. पंधराव्या वर्षी कुणाचं तरी जुनं, चेपलेलं कॉर्नेट घेऊन तो त्याच्या ओसरीवर आला होता आणि म्हणाला होता, मला वाजवता येतं, वाचता येत नाही. ओनेसिमने त्याला इतर मुलांसारखंच सहा महिने स्वर म्हणायला लावले होते. पोरगा हुशार, पण एक खोड. शुद्ध गंधारावर जायचं असलं की सरळ जायचाच नाही. खालून, रेंगाळत, घसरत जायचा आणि मधेच कुठेतरी थांबायचा. ओनेसिमने त्याच्या बोटांवर पट्टी मारली होती. कोमल आणि शुद्ध यांच्यामधे उभं राहायला जागा नसते, तो म्हणाला होता. तिथे पाय ठेवशील तर पडशील. लेम्युएल बोटं चोखत म्हणाला होता, "पण प्रोफेसर, माझी आई तिथंच गाते." त्यावर त्याला आणखी एक पट्टी मिळाली होती. ती दुसरी पट्टी कशाबद्दल होती? आता भोंग्याच्या तोंडाशी बसल्यावर ओनेसिमला त्याचं कारण शोधूनही सापडेना.

दुसऱ्यांदा वाजवलं. हीसुद्धा चाचणीच होती. ऐकलेलं मेण सुईने खरवडून खराब होतं, त्यामुळे जी चकती ऐकायची ती फेकायची असते. ओनेसिमने जीव ओतून वाजवलं. कधीकाळी ऑपेरा हाऊसच्या सगळ्यात वरच्या गॅलरीत, जिथे आमचे लोक बसत, तो मांडीवर स्वरलिपीचं पुस्तक उघडून बसायचा आणि खाली, खूप खाली, पहिल्या व्हायोलिनच्या रांगेतली टकलं बघायचा. सगळे गज एकदम वर जायचे, एकदम खाली यायचे. तिथे त्याला कुणी बसू देणार नव्हतं हे त्याला दहाव्या वर्षीच माहीत होतं, तरी बोटं मांडीवर हलायची. पाच वर्षांपूर्वी, डिसेंबरात, ते जळालं. सकाळी बघायला गेला तर विटा अजून गरम होत्या आणि एक गोरी बाई रुमालात तोंड खुपसून रडत होती. ओनेसिमला रडू आलं नव्हतं. आपलं काय जळालं हे त्याला नीट मांडताच आलं नव्हतं. जिथे आपण कधी वाजवलंच नाही तिथलं न वाजवणंही जळून गेलं, असं काहीतरी. आज भोंग्यापुढे बसून तो त्या रांगेतल्यासारखाच वाजवत होता. गज सरळ. बोट नेमकं. एकही स्वर डळमळला नाही. वाजवून झाल्यावर त्याला वाटलं, आता.

मग चकती वाजली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्वतःला बाहेरून ऐकलं.

आधी ओळखलंच नाही. कुणीतरी एक सुकलेला, नीटनेटका माणूस नाचणाऱ्यांच्या गर्दीतून कडक इस्त्रीचे कपडे सांभाळत, कुणाचा धक्का लागू नये म्हणून अंग चोरत चालला होता. बाकीचे सगळे ठोक्याच्या जरा मागे, जरा पुढे, एकमेकांच्या खांद्यावर रेलत चालले होते. हा एकटा बरोबर ठोक्यावर पाऊल टाकत होता. स्वर खरे होते. सगळेच्या सगळे खरे होते. आणि प्रत्येक स्वर आल्याबरोबर मरत होता. पत्र्याने आवाज बारीक होतो, यंत्राचा दोष आहे, त्याने स्वतःला सांगितलं; पण क्लॅरिनेटचाही आवाज बारीक झाला होता आणि ती जिवंत होती. पहिल्या वेळी तो नव्हता, ते बरं होतं. नसण्याला काहीतरी कारण तरी होतं, भोंगा, खुर्ची, गोरा माणूस. आता तो होता, आणि असा होता. गॅलरीत मांडीवर हलणारी ती बोटं, बापाच्या कडक नजरेखालची संध्याकाळ-संध्याकाळची तालीम, सहा-सहा महिने सरगम म्हणणारी ती शेकडो मुलं, हे सगळं त्याच्या कानात ज्या आवाजात साठलं होतं तो आवाज जगात कधी नव्हताच. तो फक्त हनुवटीच्या हाडातून त्याच्या एकट्याच्या डोक्यात वाजत होता. बाहेर हे जात होतं.

"छान आलंय," क्लॅरिनेटवाला आल्सीद जमिनीकडे बघत म्हणाला. तोही त्याचाच विद्यार्थी.

"आलं ना फिडल!" कंपनीचा माणूस म्हणाला. "आता फारच आलं. बाकीचे दबले. ह्याला जरा..."

"अजून एकदा घेऊ," लेम्युएल घाईघाईने म्हणाला. "प्रोफेसर, तुम्ही हवं तर दुसऱ्या भागात..."

"तार गेली," ओनेसिम म्हणाला.

त्याने व्हायोलिन छातीशी उभं धरलं होतं आणि डाव्या हाताने सगळ्यात बारीक तारेची खुंटी उलटी फिरवली होती. तार लोंबत होती, पण तुटलेली नव्हती. लेम्युएल दारातून चार पावलं पुढे आला. त्याने तारेकडे पाहिलं, मग ओनेसिमच्या डोळ्यांत पाहिलं. त्याला दिसलं होतं. ओनेसिमला वाटलं, आता हा म्हणेल, प्रोफेसर, पिळा ती खुंटी आणि बसा. शिव्या घालेल. निदान थट्टा करेल.

"तारच गेली तर काय करणार," लेम्युएल हलकेच म्हणाला. "दुसरी आणली नसेल ना?"

"नाही."

"मग तुम्ही बसून ऐका. कुणाचं कुठं चुकतंय ते सांगा आम्हाला."

पेटीच्या कप्प्यात कागदात गुंडाळलेल्या दोन कोऱ्या तारा होत्या. पेटी उघडीच होती. ओनेसिम भिंतीजवळच्या बाकावर जाऊन बसला आणि तिसरी चकती भरली गेली. कुणाचंच कुठे चुकलं नाही. लेम्युएल शुद्ध गंधाराकडे निघाला, खालून, रेंगाळत, आणि मधे जिथे पाय ठेवायला जागा नसते तिथे जाऊन उभा राहिला, आरामात, आपल्या घराच्या पायरीवर उभं राहावं तसा. कॉर्नेट दाराबाहेर जवळजवळ रस्त्यावर होतं तरी तो स्वर खोलीभर पसरला. ओनेसिमच्या अंगावर काटा आला. त्याने ओठ घट्ट मिटून धरले. खोकला आला तर गिळता यावा म्हणून. हीच चकती विकली जाणार होती.

तो ट्रामने आला नाही, चालत आला. घरी त्याची बायको फिलोमेन शिवणाचं यंत्र बंद करून दाराशीच उभी होती. गल्लीतल्या प्रत्येक बाईला तिने सांगून ठेवलं होतं. "कसं झालं?" तिने विचारलं. "यंत्र कसं होतं? केवढं होतं?" तो म्हणाला, छान झालं. तिने चिकोरी घालून कॉफी केली आणि त्याच्यासमोर बसून हसत राहिली. आता सांगावं, त्याला वाटलं. मग वाटलं, कॉफी होऊ दे. मग कॉफी झाली आणि ती म्हणाली, "मेल्यावर माणसाचं काय राहतं? तुझं राहील बघ." त्यानंतर सांगण्याची जागाच राहिली नाही. तो रोज सकाळी सिगार वळायला जायचा, तंबाखूचं पान तळहाताखाली दाबताना ठरवायचा, आज संध्याकाळी. आणि संध्याकाळी मुलं सरगम म्हणत बसलेली असायची आणि शिवणयंत्राच्या आवाजात फिलोमेन काहीतरी गुणगुणत असायची. त्याने मुलांसमोर व्हायोलिन काढणं बंद केलं. तोंडीच शिकवायचा. कुणी विचारलं तर खांदा धरलाय म्हणायचा.

जुलैत चकती दुकानात आली. समोरच्या मादाम रोबिशोंकडे ग्रामोफोन होता. रविवारी प्रार्थनेनंतर त्यांच्या बैठकीत पंधरा-वीस माणसं दाटीने बसली. बायका पंखे हलवत होत्या. ओनेसिमला मधली खुर्ची दिली होती. लेम्युएल येऊ शकला नव्हता, त्याचा बँड शिकागोला गेला होता. सुई टेकली. ओनेसिम गालिच्यावरच्या एका डागाकडे बघत राहिला. चकती अर्ध्यावर आली तशी लोकांची चुळबुळ सुरू झाली. शेवटी मादाम रोबिशोंनी धीर करून विचारलं, "प्रोफेसर, तुम्ही कुठे आहात हो ह्यात? मला मेलीला काही कळत नाही."

त्याने तोंड उघडलं. त्याला खरोखरच सांगायचं होतं.

"हा काय!" फिलोमेन म्हणाली. तिने पंख्याचं टोक ग्रामोफोनकडे केलं. "हा बारीक, वरून गोड आवाज येतोय ना, सगळ्यांच्या भोवती फिरणारा? हाच. हो ना, ओनेसिम?"

ती आल्सीदची क्लॅरिनेट होती. सगळे त्याच्याकडे बघत होते. फिलोमेनचे गाल लाल झाले होते आणि तिचा पंखा थांबला होता.

"हो," ओनेसिम म्हणाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मादाम रोबिशोंनी ती जागा पुन्हा लावली. बिचारीला कळलं नाही, त्याला वाटलं, आणि त्याचबरोबर त्याला एक हलकं, लाजिरवाणं समाधान वाटलं: जगात एका माणसाच्या कानात तरी तो त्या चकतीवर होता. ह्याच्या आधारावर त्याने उन्हाळा काढला. नाक्यावरच्या न्हाव्याने अभिनंदन केलं, त्याने मान लववली. चर्चच्या फादरनी पाठ थोपटली. एका बापाने मुलीला आणून बसवलं आणि म्हणाला, "त्या चकतीत तुम्ही वाजवता ना, तसं शिकवा हिला." ओनेसिम म्हणाला, आधी सहा महिने सरगम.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी दुपारी सिगारच्या कारखान्यात काम नव्हतं म्हणून तो लवकर घरी आला. चुलीवर घेवडा रटरटत होता. फिलोमेन मांडीवर कुणाचा तरी झगा घेऊन हातशिलाई घालत होती. समोरून मादाम रोबिशोंच्या खिडकीतून तीच चकती ऐकू येत होती. दोघं ऐकत राहिले. चकती संपली.

"आल्सीद किती छान वाजवतो," फिलोमेन सुईत दोरा ओवत म्हणाली.

त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"तू म्हणालीस तो मी आहे."

"लोक बघत होते तुझ्याकडे. तुझा चेहरा कसा झाला होता तुला माहीत नाही." तिने दोऱ्याला गाठ मारली. "एकतीस वर्षं झाली, ओनेसिम. पावसात, पंचवीस बँडच्या गर्दीत, तीन गल्ल्या पलीकडे वाजवत असलास तरी मी ओळखीन. तू त्या चकतीत नाहीस हे मला सुई टेकल्याबरोबर कळलं. मला वाटलं, घरी आल्यावर सांगशील."

त्याने उठून चुलीवरच्या घेवड्यावर झाकण ठेवलं.

"मी वाट पाहिली. जुलै, ऑगस्ट. मग म्हटलं, असेल काही. पण तू मलाही 'हो' म्हणालास ना? लोकांना म्हणालास ते ठीक. मला रे?" ती रडत नव्हती. तिने झगा बाजूला ठेवला. "जाऊ दे. मार्चपासून हात लावला नाहीस. काढ ती पेटी. माझ्यासाठी वाजव."

त्याने पेटी काढली. लाकडाला वास येत होता. तारा जुळवायला वेळ लागला. लग्नाआधी तिच्या बापाच्या अंगणात वाजवलेली ती साधी, संथ चाल त्याने सुरू केली. आवाज आला तो हनुवटीतून नाही आला. तो समोरून, पत्र्यातून आला. बारीक, नेटका. त्याने गज जरा जास्त दाबला. तोच. हलका केला. तोच. आतला तो भरलेला, सोनेरी आवाज, ज्याच्या जोरावर तो आयुष्यभर मान ताठ ठेवून चालला होता, कुठे गेला होता कुणास ठाऊक. त्या खोलीत, त्या उकाड्यात, कोणीतरी तो काढून घेतला होता. फिलोमेनने डोळे मिटून डोकं खुर्चीच्या पाठीला टेकवलं होतं. तिच्या चेहऱ्यावर कसलीतरी फार जुनी विश्रांती होती. आणि मग त्याच्या मनात ते आलं. ही मला गर्दीतून ओळखते. ती ओळखते ते काय? हिच्याजवळ माझ्या हनुवटीचं हाड नाही.

"फिलोमेन," तो न थांबता म्हणाला, "तुला हे असंच ऐकू यायचं का? नेहमी?"

"हं," ती म्हणाली. तिचा आवाज मायेने जड झाला होता. "अगदी असंच. पहिल्या दिवसापासून."

त्याला थांबायचं होतं. पण तिचे डोळे मिटलेले होते, म्हणून तो वाजवत राहिला.